पाकिटातला उंट

ब्लांकेनबर्ग, ४ जून १९०८

गोडे,

मी मेलेलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण सात वर्षांनी बापाचं अक्षर दिसलं की माणसाच्या मनात तेच येतं. तुझी आत्याही ठीक आहे. सिदोनीला काय धाड भरलीय? कोळंबीच्या पाटीमागं उभी राहून सगळ्या बाजाराला शिव्या घालते.

पत्र कामाचं आहे. इथं कॅसिनोत बुद्धिबळाची मोठी स्पर्धा भरलीय. वरच्या मजल्यावर नावाजलेले लोक, पायाखाली गालिचा. खालच्या हॉलात ज्यांचं नाव अजून व्हायचंय ते, पायाखाली नुसत्या फळ्या. प्रत्येक पटाजवळ एक दोन तोंडांचं घड्याळ. ज्याची खेळी त्याचं घड्याळ चालू, दुसऱ्याचं बंद. वेळ संपत आली की काटा एक लाल पाकळी उचलतो, आणि ती पडली की खेळाडूही पडला. असली चौदा घड्याळं. ब्रसेल्सहून आली तेव्हा त्यातली पाच मागं पडत होती. मग शोधाशोध, मग कालेवार्टला बोलवा. आता तीन आठवडे मी तिथं. चावी द्यायची, ऐकायचं, बिघडलं तर बदलायचं. बोलायचं नाही. कामाच्या वेळी खेळाडूंशी एक शब्दसुद्धा नाही, असा नियम. मला सोयीचा.

खालच्या हॉलात सातव्या पटावर पाटी आहे: आर्सेनी त्सिबुल्को, ओडेसा. त्सिबुल्को म्हणजे कांदा, हे मला एका खलाशानं तू पळालीस त्याच वर्षी सांगितलं होतं. तर तुझा कांदा आलाय. वाळलाय. कोट तोच, जो घालून माझ्या उंबऱ्यावर उभा होता. तू त्याला खायला घालतेस की नाही?

सकाळी चावी देत होतो तेव्हा पुढं आला, टोपी काढली. ‘सुप्रभात, बाबा. तुमची तब्येत चांगला?’ बायको फ्लेमिश, सात वर्षांचा संसार, आणि भाषा अजून धक्क्यावरच्या हमालाची. मी म्हटलं, ‘घड्याळाला हात लावू नका.’ एवढंच बोलणं झालं. मी भांडलो नाही, हे तुला कळावं म्हणून पत्र.

तुझी पत्रं येतात. मी ती वाचत नाही, न फोडता शेगडीत जातात. कॉफीघरात कुणालाही विचार.

ली. कालेवार्ट, घड्याळजी


ब्लांकेनबर्ग, ९ जून

गोडे,

ओडेसाला पत्र जायला आठ दिवस, यायला आठ. तेवढा धीर मला नाही, म्हणून परत लिहितो.

काल रात्री जेवताना सिदोनी म्हणाली, ‘लीव्हेन, जावई आला होता पाटीवर.’

‘कुणाचा?’

‘माझा! मला पोरगी कुठंय, मेल्या? उभ्या उभ्या दोन मुठी कोळंबी खाल्ली त्यानं. सोलता येते त्याला, चिमटीत धरून, आपल्यासारखी. गोडीनं शिकवलंय.’

मी पाव मोडला. तिला गप्प बसणं जमत नाही.

‘इथं खालच्या हॉलात पहिला आला तर तो मास्टर होतो.’

‘कुठल्या शाळेत?’

‘शाळेत नव्हे रे, बुद्धिबळात. पदवी असते ती. गेंटच्या क्लबाला शिकवायला माणूस हवाय, पण पदवीवालाच हवा. ह्याला मिळाली तर हा, गोडी आणि पोर, तिघंही गेंटला येतात. गेंट, लीव्हेन! सकाळच्या गाडीत बसलं तर कॉफी गरम असेपर्यंत पोचशील. आणि नाही मिळाली तर त्याच्या भावानं ब्यूनोस आयर्सहून तिकिटं धाडलीत. ऑगस्टचं जहाज.’

‘मग जाऊ देत.’

‘जाऊ देत तर जाऊ देत,’ ती म्हणाली, ‘पण तो चमचा खाली ठेव. मघापासून रिकामी वाटी ढवळतोयस.’

कॅसिनोच्या जिन्यात जगाचा नकाशा टांगलेला आहे. आज येता येता ब्यूनोस आयर्स बघितलं. फार खाली आहे. वाकावं लागलं.

तुला वाटेल मी रोज तिथं तुझ्या नवऱ्याकडं बघत बसतो. नाही. मी घड्याळं ऐकतो. पण एक सांगतो. मी आयुष्यभर घड्याळांत राहिलो, तरी असं कधी ऐकलं नव्हतं. माणसं शंभरावर, प्रेक्षकांत रेशमी झगे घातलेल्या बाया, आणि आवाज फक्त चौदा घड्याळांचा. रविवारी चर्चमध्ये ह्याच्यापेक्षा जास्त खोकला असतो. तिसऱ्या पटावरचा एक डॅनिश शिंपी चाळीस मिनिटं हललाच नाही. माशी त्याच्या भुवईवर बसली, नाकावर उतरली, पाणी पिऊन यावं तशी मिशीत जाऊन आली. त्याला पत्ता नाही. मी पहिल्या दिवशी म्हटलं, ही वेड्यांची इस्पितळं रिकामी केलीत. दुसऱ्या दिवशी म्हटलं, रिकामटेकडे आहेत. आज काहीच म्हटलं नाही. टोपी काढून उभा राहिलो आणि कधी काढली ते आठवेना.

तुझा कांदा रोज सकाळी म्हणतो, ‘सुप्रभात, बाबा.’ मी रोज म्हणतो, ‘घड्याळ.’ हॉलातल्या साहेबांना वाटतं तो सगळ्यांशीच असा गोड बोलतो.

ली. कालेवार्ट


१७ जून

गोडे,

चौदा फेऱ्या झाल्या, एक उरली. कप्तान बोनिव्हेर पुढं आहे, नामूरचा, तोफखान्यातला निवृत्त माणूस. तुझा माणूस त्याच्या मागं अर्ध्याच गुणानं. आणि शेवटच्या फेरीत गाठ त्या दोघांचीच. ह्याला जिंकायलाच हवं. बरोबरी झाली तर कप्तान पहिला, पदवी कप्तानाची, आणि तुम्ही बोटीत. एवढा हिशेब मलाही येतो.

मोहरे कसे चालतात हे मला कॉफीघरामुळं ठाऊक होतं. न्हावी फ्रान्स आणि मी हिवाळ्यात खेळतो. आम्ही खेळतो ते वेगळंच काहीतरी असावं. सोमवारी तुझ्या नवऱ्यानं वजीर दिला. हरवला नाही, चुकला नाही. उचलून समोरच्याच्या प्याद्याच्या तोंडी ठेवला. समोर एक हंगेरियन, धंद्यानं दातांचा डॉक्टर. त्यानं पटाकडं बघितलं, मग छताकडं, मग खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि वजीर मारला. दुसरं करणार काय? त्यानंतर तुझ्या नवऱ्याची लहान लहान प्यादी एकेक पाऊल पुढं सरकली. घाई नाही, गडबड नाही. ओहोटीला वाळूवरून माणसं कालवं वेचायला निघतात तशी. अकराव्या खेळीला हंगेरियनानं आपला राजा हळूच आडवा केला आणि तो हसत उठून तुझ्या नवऱ्याच्या गळ्यात पडला. हरलेला माणूस! मी पन्नास वर्षांत हरलेल्या माणसाला हसताना बघितलं नव्हतं.

भिंतीवरच्या मोठ्या पटावर मोहरे सरकवणारी बाई आहे, मादाम रोझे. ती शिडीवरून खाली उतरली ती पायरीवरच बसली. म्हणाली, ‘घड्याळजी, माझ्या अंगावर काटा आलाय, बघा.’ मी म्हटलं, ‘वारा आहे, खिडकी लावा.’ खिडक्या बंदच होत्या.

ह्याला मी उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. म्हणालो होतो, धान्याच्या बोटीवर पोती मोजणारा माणूस, ह्याच्या डोक्यात पोत्यांशिवाय काय असणार.

तू हे वाचून फुशारू नकोस. कोटाला अस्तर लावून दे.

ली. का.


१९ जून

गोडे,

डाव थांबलाय. संपलेला नाही. सहा तास झाले, जेवणाची घंटा झाली, म्हणून नियमाप्रमाणं थांबवला.

ह्यांची एक रीत आहे. थांबताना ज्याची खेळी असेल त्यानं ती पटावर करायची नाही. कागदावर लिहायची, पाकिटात घालायची, पाकीट चिकटवून पंचाच्या हवाली करायचं. म्हणजे रातभर कुणाचा कुणावर वरचष्मा नाही. उद्या पाकीट फोडतात, लिहिलंय ते पंच पटावर करतो आणि घड्याळ चालू. लिहिलेलं बदलत नाही. पोपनं सांगितलं तरी नाही.

खेळी तुझ्या नवऱ्याची होती. पाकिटात उंट आहे. मी कागद बघितला नाही, पण शेवटचा अर्धा तास त्याचे डोळे कुठून कुठं जात होते ते बघितलं. उंट मधल्या त्या एका घरात आला की कप्तानाचा वजीर कोंडला जातो. रात्री कॉफीघरात पट मांडून फ्रान्सनं आणि मी तीनदा तपासलं. तिन्ही वेळा कप्तान मेला.

पाकीट देताना तो माझ्याकडं बघून हसला. म्हणजे कारण होतं. ते राहू दे.

सिदोनी पाट्या धुताना गातेय. तिला गाता येत नाही.

ली. का.


२० जून

बरोबरी झाली. पदवी कप्तानाला मिळाली. बाकी तुझा नवरा लिहील.


२३ जून

गोडे,

शनिवारच्या पत्रात एका ओळीत सगळं आटोपलं. त्या ओळीत खोटं काही नव्हतं, पण लबाडी होती. तुझा नवरा काल गेला. तो तुला खरं सांगणार नाही, हे मला आता माहीत आहे. म्हणून मी सांगतो. मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

शुक्रवारपासून सांगतो. तो खेळी लिहायला बसला. त्याच्या घड्याळाची लाल पाकळी वर उचललेली, दोन मिनिटं उरलेली; ही खेळी झाली की पुढच्या खेळ्यांना नवी वेळ. कप्तान पाय मोकळे करायला उठला होता. पंच, ते ब्रसेल्सचे वकील ओदबेर, पाकीट आणायला गेले होते. मी घड्याळ बंद करायला शेजारी उभा. पेन्सिल हातात घेऊन तो कागदावर वाकला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं:

‘सोन्याचा कान कसा आहे आता?’

हो. वाचतो मी. सगळी वाचली. चव्वेचाळीस आहेत. शेगडीत एकही गेलं नाही. तुझ्या आईच्या शिवणाच्या पेटीत आहेत. मार्चमध्ये तू लिहिलंस की पोरीचा, सोन्याचा, कान फुटलाय आणि ती रात्रभर रडते. त्यानंतर तीन महिने पत्र नाही. रोज त्या माणसाच्या शेजारी उभा राहायचो आणि तो कान माझ्या डोक्यात. कामाच्या वेळी खेळाडूशी बोलायचं नाही हा नियम मी अडीच आठवडे पाळला आणि नको त्या क्षणी मोडला.

त्यानं मान वर केली. तोंड उघडंच. मग म्हणाला, ‘बरी आहे. गाते.’ आणि कागदावर खेळी लिहिली, घडी घातली, पंचांनी आणलेल्या पाकिटात सरकवली आणि हसला. ते हसणं हेच.

आता शनिवार. सुटीचा दिवस, खेळाडू सगळे सहलीला ब्रुजला गेलेले. हॉलात पंच, कप्तान, तुझा नवरा, मादाम रोझे, दोन वाढपी आणि मी. पंचांनी पाकीट फोडलं, चष्मा लावला, घोडा उचलला आणि मधल्या घरात ठेवला.

तुझा नवरा म्हणाला, ‘माफ करा. उंट.’

‘इथं घोडा लिहिलाय.’ पंचांनी कागद फिरवून दाखवला. मी घड्याळापाशी होतो, मलाही दिसला. घराचं नाव बरोबर. त्याच्या आधी एकच अक्षर, उघड्या तोंडाचं, अर्ध्या चंद्रासारखं. फ्रेंचमध्ये ते घोड्याचं. आणि ह्या स्पर्धेत लिहायचं ते फ्रेंचमध्ये. तीन आठवडे त्यानं एकदाही चूक केली नव्हती. पण त्या एका क्षणी तो ओडेसात होता. घरी होता. हातानं घरचं अक्षर लिहिलं. रशियनमध्ये तोच अर्धा चंद्र म्हणजे ‘स’, आणि उंटाचं नाव त्यांच्याकडं ‘स’नं सुरू होतं.

कप्तान वाईट माणूस नाही, पण तोफखान्यातला आहे. म्हणाला, ‘वा! उद्या मी म्हणेन माझ्या भाषेत प्याद्याला तोफ म्हणतात. घोडा लिहिला, रात्री खोलीत बसून बघितलं की घोडा मरतोय, आणि सकाळी घोड्याचा उंट झाला!’

‘कप्तानसाहेब, मी खोटं बोलत नाही.’

‘मी कुठं म्हणतो बोलता? मी म्हणतो, सिद्ध करा.’

ओदबेर सरळ माणूस आहेत. ते म्हणाले, ‘त्रयस्थानं कुणी सांगितलं की रशियन लिपीत हे अक्षर खरंच असं आहे, तर मी विचार करीन. वरच्या मजल्यावरचे रशियन गृहस्थ ब्रुजला गेलेत. दहा मिनिटं देतो. ह्या खोलीत रशियन अक्षरं ओळखणारं कुणी आहे?’

वाढप्यांनी खांदे उडवले. मादाम रोझेनं मान हलवली.

गोडे, मला ते अक्षर येतं. गेल्या वर्षी पोरीनं पत्राखाली आपलं नाव लिहिलं होतं, ‘सोन्या’, चार वाकडी रशियन अक्षरं, आणि पहिलं तोच अर्धा चंद्र. तू शेजारी लिहिलं होतंस, ‘बाबा, इथं स असा काढतात.’ मी ते नाव इतक्यांदा बघितलंय की झोपेत गिरवीन. बोलायचं फक्त एवढंच होतं: साहेब, मला येतं, माझ्या नातीचं नाव त्यानं सुरू होतं.

बोललो नाही.

मी स्वतःला सांगितलं, मी सासरा, त्रयस्थ कसला? मी सांगितलं, खेळाडूशी बोललो हे बाहेर येईल, कप्तान म्हणेल मदत केली, तर पोराचा डावच रद्द होईल. ही कारणं चांगली होती. पण ती नंतर सुचली. आधी मनात आलं ते वेगळंच: हे वाढपी आजच जाऊन कॉफीघरात सांगतील की कालेवार्ट पोरीची पत्रं वाचतो. बास. एवढ्यासाठी. सात वर्षांचा ताठा दहा मिनिटं तसाच उभा राहिला, हातात घड्याळाची चावी धरून.

आणि तुझ्या नवऱ्याला ठाऊक होतं! कानाचं विचारलं त्या क्षणीच त्याला कळलं होतं की म्हातारा पत्रं वाचतो. त्यानं माझ्याकडं बघितलं. फक्त बोट दाखवायचं होतं. ‘ह्यांना विचारा.’ दोन शब्द. तिकडं पदवी, गेंट, तू, पोर, सगळं त्या दोन शब्दांपलीकडं. त्यानं माझा चेहरा वाचला, जसा तो पट वाचतो तसा, आणि नजर काढून घेतली.

‘लिहिलं ते लिहिलं,’ तो पंचांना म्हणाला. ‘घोडा तर घोडा. घड्याळ चालू करा.’

मी चालू केलं. माझ्याच हातानं.

कप्तानानं घोडा मारला. फुकटात. त्यानंतर जे झालं ते मला नीट सांगता येणार नाही. शाळा चार इयत्ता. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बुडालेल्या डावात माणूस काय करतो? फ्रान्स शिव्या घालतो, मी पट उधळतो. हा तसाच बसला, हात मांडीखाली. चेहऱ्यावर राग नाही, चूक झाल्याची चुटपुट नाही. जणू हा घोडा त्यानं स्वतः विचार करून मारायला दिला होता आणि आता पुढचं काम. पहिल्या तासाला कप्तान शीळ घालत होता. दुसऱ्या तासाला शीळ थांबली. ह्यानं मोहऱ्याला मोहरा द्यायला सुरुवात केली. हत्ती दिला, हत्ती घेतला. वजीर दिला, वजीर घेतला. मला वाटलं, लवकर संपवून मोकळा होतोय. चौथ्या तासाला सहल परत आली आणि खेळाडू बुटांची धूळ न झाडता आत आले. वरच्या मजल्यावरचे नावाजलेले लोकही गालिचा सोडून खाली फळ्यांवर येऊन उभे राहिले. त्यातल्या एका पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्यानं आपल्या शेजाऱ्याचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही.

शेवटी कप्तानाकडं राजा, एक उंट आणि अगदी कडेचं एक प्यादं. ह्याच्याकडं नुसता राजा, एकटा. मी म्हटलं, संपलं. मुलगीही गेली आणि नातही गेली.

पण ते कोपऱ्यातलं घर! प्यादं जिथं पोचून वजीर होणार ते घर पांढरं. आणि उंट जन्मला त्या रंगाच्या घरांवरूनच मरेपर्यंत चालतो. कप्तानाचा उरलेला उंट काळ्यावरचा. तुझ्या नवऱ्याचा राजा एकेक पाऊल टाकत त्या पांढऱ्या कोपऱ्यात जाऊन बसला. तिथून त्याला हाकलायला तो उंट काही कामाचा नाही. प्यादं आणखी रेटलं तर राजाला शहही नाही आणि हलायला जागाही नाही, म्हणजे बरोबरीच. कप्तानानं वीस खेळ्या करून बघितल्या. डावीकडून आला, उजवीकडून आला. राजा कोपऱ्यातून शेजारच्या घरात, पुन्हा कोपऱ्यात. साऱ्या युरोपची फौज आली असती तरी तो हलला नसता.

कप्तान उठून उभा राहिला. म्हणाला, ‘हा कोपरा तुम्हाला कधी दिसला?’

‘तुम्ही घोडा मारला तेव्हा.’

एकेचाळीस खेळ्या आधी! हॉलात कुणीतरी श्वास सोडला आणि मग सगळ्यांनीच सोडला. टाळ्या नाही वाजल्या. लोक एकेक करून पटाजवळून गेले, वरचे मास्टरसुद्धा, आणि प्रत्येकानं त्या एकट्या राजाकडं वाकून बघितलं, जसं पाळण्यात बघतात. पदवी मिळाली त्या कप्तानाकडं कुणाचं लक्षच नव्हतं. कप्तानाचंही नव्हतं. तोही तिथंच बघत उभा होता.

मी पुष्कळ समुद्र बघितलाय, वादळं बघितलीत, किनाऱ्यावर वाहून आलेला देवमासा बघितलाय. असं काही बघितलं नाही. आणि हे ज्यानं केलं त्याला ते करावं लागलं माझ्यामुळं.

रविवारी सकाळी ओदबेरांच्या दारात गेलो आणि सगळं सांगितलं. कान, अक्षर, चावी, सगळं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, ‘दोघांच्या सह्या झाल्यात, कालेवार्ट. आता काही होत नाही.’

‘मला ठाऊक आहे. तरी सांगितलं.’

तिथून कॉफीघरात गेलो. भरलेलं होतं. उभा राहून मोठ्यानं म्हटलं, ‘मी गोडीची पत्रं जाळत नाही. वाचतो.’

फ्रान्सनं पेला खाली ठेवला. ‘बस खाली. आम्हाला सहा वर्षं ठाऊक आहे. जाळलेल्या पत्रातल्या बातम्या तूच सांगायचास आम्हाला. पोरीला दात आले तेव्हा तू सगळ्यांना बिअर पाजलीस, आणि विचारलं तर म्हणालास, माझा वाढदिवस.’

ज्या अब्रूसाठी मी तोंड शिवलं होतं, ती अब्रू अशी होती.

काल सकाळी स्टेशनवर गेलो. सिदोनीनं कोळंबी बांधून दिली होती. तो माझ्या हातातल्या पुडक्याकडं बघत राहिला. मी म्हटलं, ‘आर्सेनी, माझ्याकडं बोट का नाही दाखवलंस?’

तो त्याच्या त्या भयंकर फ्लेमिशमध्ये म्हणाला, ‘बाबा, सात वर्ष झाला. तुम्ही पहिली प्रश्न विचारला. सोन्याची कान कसा. हा प्रश्न मी पंचाच्या टेबलावर ठेवू, पुरावा म्हणून? नाही. हा घरचा प्रश्न.’

गाडी सुटेपर्यंत मी त्याची भाषा सुधारत बसलो. कान पुल्लिंगी, प्रश्न पुल्लिंगी. दुसरं काय करणार होतो?

आता कामाचं. तो म्हणाला जहाज अँटवर्पहून सुटतं, अकरा ऑगस्टला, आणि तुम्ही तिघं दोन दिवस आधी पोचता. सिदोनी म्हणते, तिला आधी विचार, तू आलेलं तिला चालेल का. मी विचारत नाही. विचारलं की तुला उत्तर द्यावं लागेल, आणि ते देणं तुझ्याकडं लागत नाही. चव्वेचाळीस माझ्याकडंच बाकी आहेत. मी नऊ तारखेला सकाळपासून अँटवर्पच्या स्टेशनात उभा असेन. गाडीतून उतरून तोंड फिरवलंस तर फिरव, तेवढा तुझा हक्क आहे. मी जवळ येणार नाही, हाक मारणार नाही. पण दोन ट्रंका, पोर आणि आर्सेनीचे ते दोन काडीसारखे हात. सामान उचलायला एक माणूस लागतोच.